तापलेल्या दुर्बिणीचं काय?

‘आरसा तो आरसाच. साधी दुर्बीण घ्या, मागं अवरक्त कॅमेरा जोडा. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला, हवा कोरडी. कळसच्या माळावरसुद्धा अवरक्त वेधशाळा चालेल.’ आमच्या भागातले एक विज्ञानप्रचारक हे ठासून सांगत फिरतात. शाळकरी पोरं ते खरं मानतात, याची मला चीड येते.

पाऊस कमी म्हणून वरच्या हवेतलं बाष्प संपत नाही. लडाखमधल्या हानलेची दुर्बीण 4500 मीटर उंचीवर नेली ती उगाच नव्हे. कॅमेऱ्यातल्या भिंगांचं म्हणाल, तर साधी काच 3 मायक्रॉनच्या पुढं जवळपास आंधळी होते. तिथं जर्मेनियम लागतं. त्याचा अपवर्तनांक 4, त्यामुळं लेप नसेल तर एकेका पृष्ठावरून सुमारे 36 टक्के प्रकाश माघारी जातो.

पण या गृहस्थांना मुळातच कळलेलं नाही ते वेगळंच. 27 अंशाला असलेली कुठलीही वस्तू 10 मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक प्रारण सोडते. म्हणजे नळी, आरसा धरणारे दांडे, आरशाच्या मधल्या भोकाची कड, सगळं त्या कॅमेऱ्याला रात्रभर उजळलेलं दिसणार. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीत भटका उजेड गिळायला आतून काळा रंग देतात. अवरक्तात तोच रंग वैरी होतो, कारण जो पृष्ठभाग उत्तम शोषतो तोच उत्तम प्रारण सोडतो. चकचकीत आरसा त्या मानानं फार कमी उजळतो. काळ्या नळीतून अंधुक तारा शोधायचा म्हणजे भर दुपारी काजवा शोधणं. ‘मग आरसा मोठा घ्या,’ हे त्यांचं जुनं पालुपद. मोठा हवाच, 10 मायक्रॉनची तरंगलांबी हिरव्या प्रकाशाच्या सुमारे वीसपट, त्यामुळं प्रतिमाही तेवढीच पसरते. पण आरसा वाढवून सांगाडा थंड होत नाही.

करायचं ते असं. दुय्यम आरसा मुद्दाम थोडा लहान ठेवायचा, म्हणजे त्याच्या कडेबाहेर कॅमेऱ्याला तापलेल्या सांगाड्याऐवजी आकाश दिसतं. कॅमेऱ्यातली प्रकाशकी गारठवायची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं हानलेसाठी घडवलेलं ‘टिरस्पेक’ हे अवरक्त उपकरण 1 ते 2.5 मायक्रॉनमध्ये असंच काम करतं. त्याच संस्थेनं 100 सेंटिमीटरची दुर्बीण हैदराबादहून फुग्याखाली सुमारे 30 किलोमीटरवर नेली, बहुतेक बाष्पाच्या वर. तिथंही दुय्यम आरसा सतत हलता ठेवून, तारा आणि शेजारचं रिकामं आकाश आळीपाळीनं मोजून, दुर्बिणीची स्वतःची उष्णता वजा करावी लागली.