चोरीचे प्रश्न आणि घरातली घाई



आपल्या समाजात सीए म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलगा फायनलला बसला की घरातला टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना हळूच सांगितलं जातं की परीक्षा झाल्यावर या, लग्नाची बोलणीसुद्धा पुढे ढकलली जातात. पहिल्या अटेम्प्टला नाही जमलं तर आपणच चार लोकांना सांगतो, "अहो, सीए आहे ते, होतंच असं." दुसरा, तिसरा, चौथा अटेम्प्ट झाला तरी कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

पण तेवढ्याच कठीण परीक्षेला घरातली सून बसली, आणि परीक्षा कॉम्प्युटर नेटवर्कची असली, तर आपल्याला तिचं नावही धड ठाऊक नसतं. दुसऱ्यांदा नापास झाली की लगेच सुरू होतं, "पगार चांगला आहे ना, मग हे कशाला हवंय?" आज याच विषयावर लिहायचं आहे, कारण यात आपल्या व्रतांचा प्रश्न आहे, आणि तो परीक्षा देणाऱ्या मुलीइतकाच आपल्यासारख्या घरात बसलेल्यांचाही आहे.

माझी सून दोन वर्षांपासून जिचा अभ्यास करते आहे ती परीक्षा म्हणजे सीसीआयई, सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्सपर्ट. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीने ती १९९३ साली सुरू केली. जो पास होतो त्याला एक नंबर मिळतो. हे नंबर १०२४ पासून सुरू झाले, आणि पहिला १०२४ कुणा माणसाला न देता परीक्षेच्या लॅबलाच दिला होता. नंबर आयुष्यभर त्याच व्यक्तीचा राहतो, प्रमाणपत्र मात्र दर तीन वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं, म्हणजे अभ्यास सुटत नाहीच.

मी बी.कॉम. झालेली, मला यातलं काय कळणार असं वाटलं होतं. पण सुनेने एकदा स्वयंपाकघरात बसून समजावलं. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, हॉस्पिटलात तपासणीचा रिपोर्ट एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातो, रेल्वेचं तिकीट निघतं. ही सगळी माहिती छोट्या छोट्या पार्सलांसारखी जाते, आणि तिला वाट दाखवायला राउटर नावाची यंत्रं असतात. प्रत्येक राउटर पार्सलला पुढचा थांबा दाखवतो. सूचना चुकल्या तर हा म्हणतो "त्याच्याकडे जा", तो म्हणतो "ह्याच्याकडे जा", आणि पार्सल दोघांमध्येच फिरत बसतं. किती थांबे घ्यायचे याचा आकडा त्याच्यावर लिहिलेला असतो, तो संपला की ते फेकून दिलं जातं. मला लगेच आपल्यातल्या काही घरांतले निरोप आठवले! असा गोंधळ कुठे झाला आहे हे शोधून दुरुस्त करणं हे तिचं काम.

परीक्षेचे दोन टप्पे आहेत. आधी दोन तासांची लेखी परीक्षा. ती पास झाली की लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक, एकाच दिवशी आठ तास. पहिले तीन तास रचनेचे. एका कंपनीची सगळी माहिती, ईमेल, नकाशे समोर ठेवतात आणि तिच्यासाठी काय योग्य ते ठरवायला सांगतात. एकदा उत्तर देऊन पुढे गेलं की मागे जाता येत नाही. उरलेले पाच तास चालत्या नेटवर्कवर काम असतं, ते उभं करा, बिघाड शोधा, सुधारा. दोन्ही भागांत किमान गुण हवेत आणि एकूणही हवेत. भारतात यासाठी बंगळुरूला जावं लागतं. एका वेळची फीच लाख रुपयांच्या पुढे आहे, प्रवास आणि राहणं वेगळं. नापास झालात तर किमान महिनाभर थांबून पुन्हा पूर्ण फी भरा.

तयारीला बहुतेकांना वर्ष तरी लागतं, नोकरी सांभाळून त्याहून जास्त. आमच्याकडे बेडरूमच्या कोपऱ्यात एक सेकंडहँड सर्व्हर आणला आहे. त्यावर खोटं नेटवर्क उभं करून ती सराव करते. त्याचा पंखा सारखा घोंगावतो आणि विजेचं बिलही थोडं वाढलं आहे. नात झोपली की साडेनऊला बसायचं, बारा-साडेबाराला उठायचं. रोज.

आता मूळ मुद्दा. या परीक्षेचे 'डम्प' मिळतात. डम्प म्हणजे कुणीतरी परीक्षेला बसून आलेला माणूस आतले प्रश्न आणि मांडणी लक्षात ठेवून बाहेर विकतो. सुनेला एका क्लासमधून फोन आला होता, "मॅडम, वर्षभर कशाला डोकं खपवता? आमच्याकडे खरी लॅब आहे. दोन महिन्यांत पाठ करा आणि बसा." तिने नाही म्हटलं. तिच्या ओळखीतल्या एकाने घेतले आणि तो पास झाला. ती मात्र दुसऱ्यांदाही नापास होऊन आली. तेव्हा घरी आलेल्या नातेवाइकांपैकी एकजण सहज म्हणाल्या, "मग घ्यायचे होते ना. सगळेच घेतात."

या वाक्याला माझा विरोध आहे, आणि तो नुसता सासूच्या मायेपोटी नाही.

आपण पाठशाळेत अचौर्याणुव्रत शिकलो. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, अदत्तादान. आपली घरं व्यापारी, म्हणून या व्रताचे अतिचार आपल्याला माप-तागडीच्या भाषेत शिकवले गेले. पण तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या पाच अतिचारांत एक आहे तदाहृतादान, म्हणजे चोराने आणलेला माल घेणं. आणखी एक आहे प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणं. आता डम्पकडे बघा. परीक्षेला बसणारा प्रत्येकजण आतलं बाहेर सांगणार नाही असं आधी मान्य करतो, तेव्हाच त्याला बसता येतं. तो शब्द मोडून आणलेला माल विकत घेतला की झालं तदाहृतादान. आणि तो पाठ करून मिळवलेला नंबर "मी तज्ज्ञ आहे" म्हणून कंपनीपुढे ठेवला की झाला प्रतिरूपकव्यवहार. सोनाराने कमी कॅरेटवर बावीसचा शिक्का मारावा तसंच हे.

काहीजणी विचारतील, आपणही जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्याच की! सोडवल्या. पण त्या विद्यापीठाने पेपर झाल्यावर सगळ्यांसाठी मोकळ्या केलेल्या होत्या. सरावासाठी उघडपणे विकली जाणारी पुस्तकं आणि लॅबही आहेत, ती सून वापरतेच. मालकाने दिलेलं आणि मालकापासून लपवून आणलेलं यांतला फरक दुकानदाराच्या घरात वाढलेल्या बाईला मी काय सांगणार?

दुसरी एक शंका जास्त खरी आहे. पाठांतराला आपल्याकडे वाईट मानत नाहीत. भक्तामर अर्थ कळायच्या आधीच आपल्याला पाठ असतं. मग पाठ करून पास झालं तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. भक्तामर मी अर्थ न कळता म्हटलं तर नुकसान झालंच तर माझं, आणि अर्थ पुढे हळूहळू उलगडतोही. पण नेटवर्क तज्ज्ञाच्या भरवशावर दुसरे असतात. हॉस्पिटलातलं नेटवर्क रात्री दोन वाजता बंद पडलं तर ते डम्पमधल्या नकाशासारखं दिसत नाही. उत्तर पाठ असणारा तिथे थांबतो, ज्याने रात्री जागून शंभर वेळा स्वतःच बिघडवून स्वतःच दुरुस्त केलं आहे तो पुढे जातो. अकाउंटन्सी शिकताना ट्रायल बॅलन्स जुळला नाही की फरक सस्पेन्समध्ये टाकायचा मोह आपल्याला व्हायचाच ना! पण एंट्री कुठे चुकली हे शोधल्याशिवाय हिशोब येत नाही.

शिवाय कंपनीनेही नियम केला आहे, सापडलात तर निकाल रद्द, मिळवलेली प्रमाणपत्रं रद्द, कायमची बंदीसुद्धा. पण मी भीतीवर जोर देणार नाही. न सापडणारेही आहेतच, आणि व्रत काही सापडण्या-न सापडण्यावर अवलंबून नसतं.

इथवर बहुतेकजणी मान डोलावतील. पुढचं मात्र आपल्याबद्दल आहे.

डम्प कोण घेतं? आळशी मुलंच घेतात असं मला आता वाटत नाही. ज्याच्या मागे घाई लागली आहे तोही घेतो. अभ्यासाचा खरा रस्ता दोन वर्षांचा आहे आणि घर म्हणतं सहा महिन्यांत आटप, मग उरलेलं दीड वर्ष कुठून आणायचं? ते चोरीच्या बाजारातून येतं. "कधी संपणार गं तुझं हे?" असं आपण रोज विचारतो, तेव्हा आपण आपल्या हाताने मुलीला त्या क्लासच्या दारात नेऊन सोडतो.

आणि इथेही शास्त्र गप्प नाही. ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणं तत्त्वार्थसूत्रात दिली आहेत, त्यांत निह्नव आणि अंतराय ही दोन आहेत. निह्नव म्हणजे ज्ञान कुठून मिळालं ते लपवणं, डम्पवाला आयुष्यभर तेच करत राहतो. अंतराय म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानार्जनात अडथळा आणणं. म्हणून आपण पोथीला पाय लावत नाही, स्वाध्याय चालू असताना मोठ्याने बोलत नाही. पण सून लॅपटॉपसमोर बसली की पाच मिनिटांत "जरा दार उघड", "जरा चहा टाक", "मावशींचा फोन आहे, दोन शब्द बोल". हा अंतराय नव्हे का? कुणी म्हणेल, नेटवर्क म्हणजे काही आत्मज्ञान नाही. बरोबर आहे. पण मुलाच्या सीएच्या वेळी आपण हा भेद केला नव्हता.

दशलक्षणात घरात कुणी दहा उपवास करत असेल तर आपण काय करतो? तिच्यासमोर फोडणी घालत नाही, तिची कामं वाटून घेतो, "झेपेल ना तुला?" असं दिवसातून दहा वेळा विचारून तिचं मन कच्चं करत नाही. पारण्यापर्यंत सगळं घर तिच्या तपात सामील असतं. या परीक्षेसाठी तेवढंच पुरे आहे.

आमच्याकडे काय ठरलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बरं. रात्री साडेनऊनंतर तिला हाक मारायची नाही, नात उठली तर मी बघते किंवा मुलगा बघतो. रविवारी सकाळचे पाच तास सलग तिचे, कारण परीक्षेतला पाच तासांचा भाग सलग बसण्याची सवय असल्याशिवाय जमत नाही. त्या वेळी सणवार आला तर पूजेची तयारी मी करते, ती अभिषेकाला येते. नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तर देणं माझ्याकडे. फीसाठी घरखर्चाच्या वहीत वेगळं पान केलं आहे आणि दोन अटेम्प्टचे पैसे आधीच बाजूला टाकले आहेत. हा शेवटचा, असं मनात धरून गेलं की हात कापतात.

बंगळुरूच्या दिवसाचंही नियोजन हवं. सकाळी सुरू झालेली परीक्षा संपेपर्यंत संध्याकाळ होते आणि हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो. रात्रीभोजनाचा त्याग असेल तर बाहेर पडून जेवण शोधेपर्यंत वेळ निघून जाते. म्हणून दशम्या, कोरडी चटणी, लाडू असा डबा बरोबर द्यायचा. आतल्या जेवणात कांदा-बटाटा चालत नाही हे आधी कळवून बघायचं, आणि मुक्काम चालत जाता येईल इतका जवळ घ्यायचा. निकाल बहुतेक दोनेक दिवसांत ईमेलवर येतो. ते दोन दिवस तिला काही विचारायचं नाही.

तिसऱ्या अटेम्प्टची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. पास होईल का, मला माहीत नाही. नाही झाली तर चौथा. पण जो नंबर मिळेल तो तिच्या रात्रींचा असेल, आणि त्या रात्री आम्ही तिच्याकडून काढून घेतल्या नाहीत एवढं मला देवळात उभं राहून म्हणता आलं पाहिजे.

तुमच्या घरात कुणी अशी परीक्षा देत असेल, कुठल्याही विषयाची, तर आज रात्री तिला एवढंच सांगा, "घाई नाही, तू तुझ्या वेळेने कर." आणि मग खरंच घाई करू नका.

जय जिनेंद्र.