अभ्यासाची उलटतपासणी

3 मार्च 2023 रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, वेळेपूर्वी फुटली, हे वाचक विसरले नसतील. त्यात खरा नागवला गेला तो प्रामाणिक विद्यार्थी. त्या चोरीचा बंदोबस्त शासनाने व न्यायालयांनी करावयाचा आहे. परंतु दुसऱ्या एका चोरीचा बंदोबस्त विद्यार्थ्याच्याच हाती आहे. ती म्हणजे निष्फळ अभ्यासात होणारी वेळेची चोरी.

आपला विद्यार्थी धडा पाच वेळा वाचतो, ओळींखाली रेघा ओढतो आणि 'मला येते' अशी स्वतःची समजूत घालतो. ही उलटतपासणी न झालेली साक्ष होय. तिच्यावर विसंबून निकाल मागता येत नाही. 2006 साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने पडताळले. पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत चारही बैठकांत वाचणारे विद्यार्थी सरस ठरले. परंतु आठवड्यानंतर त्यांना सुमारे 40 टक्केच मजकूर आठवला. उलट, एका बैठकीत वाचून पुढील तिन्ही बैठकांत न पाहता लिहिणाऱ्यांना 61 टक्के आठवला.

म्हणून पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग चुका पडताळाव्यात. हेच दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा करावे. या रीतीने आपले अज्ञान उघडे पडते, म्हणून ती नकोशी वाटते. पण परीक्षेच्या दालनात ते उघडे पडण्यापेक्षा घरी पडलेले बरे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. तेथे पर्यायावर खूण करून भागत नाही.

ज्याचा बाप पुण्याच्या शिकवणीचे शुल्क वर्षानुवर्षे भरू शकतो, त्याला दुसरी-तिसरी संधी मिळते. दिवसा सोयाबीन सोंगून रात्री मेहकर-चिखलीच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींना ती मिळेलच असे नाही. त्यांचे भांडवल म्हणजे त्यांचा वेळ, आणि या रीतीला कोऱ्या कागदापलीकडे खर्च नाही.

मातापित्यांनो, 'किती तास बसलास?' असे विचारू नका. 'पुस्तक मिट, आणि काय वाचलेस ते मला समजावून सांग,' असे म्हणा. ज्या माउलीला अक्षरओळख नाही, तिलाही ही परीक्षा घेता येते.