जमाखर्चात न धरलेला रकाना : छोटी गाडी नवी घ्यावी की जुनी?



दिवाळीच्या फराळाला बसलो होतो. नातीने चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "आज्जा, साडेचार-पाच लाखांच्या आत गाडी घ्यायची आहे. नवी घेऊ की सेकंडहँड? तू बँकेतला माणूस, हिशेब करून सांग."

असा प्रश्न कानावर पडला की माझ्यातला जुना अधिकारी जागा होतो. 36 वर्षं बँकेत काढली. त्यातली बरीच वर्षं लोकांच्या गाड्यांच्या कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. लगेच वही काढली, रकाने आखले. किंमत, विमा, पेट्रोल, देखभाल, घसारा, विकताना मिळणारी रक्कम. वही पुढे सरकवली आणि म्हटलं, "हे घे. आकडे भर, उत्तर आपोआप येईल."

तिने वही बघितली आणि म्हणाली, "यात एअरबॅगचा रकाना कुठे आहे?"

आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. ती काही बोलली नाही. फक्त डावं मनगट चोळत उभी राहिली. त्या मनगटाची गोष्ट पुढे सांगतो, कारण आजच्या लिखाणाचं मूळ तिथेच आहे.

आमच्या घरात आजवर तीन छोट्या गाड्या झाल्या. तिन्ही एकाच घराण्यातल्या. पहिली मारुती 800. ही गाडी बाजारात आली डिसेंबर 1983 मध्ये, तेव्हा मी नुकताच कारकुनाचा अधिकारी झालो होतो. दहा हजार भरून नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं, असा तो काळ. आमची ऐपत नव्हती. पुढे 1994 साली म्हापशाला बदली झाली तेव्हा तिथल्या एका कंत्राटदाराकडून 1989 ची 800 घेतली. तीन सिलिंडर, 796 सीसी, चार गिअर. सकाळी चोक ओढून चालू करायची. चोर्ला घाटात चौघं बसलेले असले की दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाव नाही. पण बंद पडली तरी कुठलाही मेकॅनिक पाना घेऊन तासाभरात चालू करून द्यायचा.

त्या गाडीने एक धडा दिला. बेळगावला परत आल्यावर पायाखालचं रबर उचललं तर पत्र्यातून रस्ता दिसत होता! समुद्राकाठची खारी हवा पत्रा खाते, हे वरच्या चकाचक रंगावरून कळत नाही. आजही आमच्याकडचे लोक गोव्याची गाडी स्वस्त मिळते म्हणून उत्साहाने घाटावर आणतात. त्यांना माझं सांगणं एवढंच की आधी गाडी जॅकवर चढवा आणि खालून बघा.

दुसरी गाडी 2002 ची आल्टो. ही मात्र नवी घेतली, स्टाफ लोनवर. आल्टो 2000 मध्ये आली होती. इंजिन त्याच 796 सीसीच्या घराण्यातलं, पण पेट्रोल इंजेक्शनचं आणि पाच गिअरचं. चोक गेला, थंडीतली कटकट गेली. फरक लगेच कळला. लांबच्या रस्त्यावर गाडी ओरडत नव्हती.

तिसरी, जी अजून दारात उभी आहे, ती 2013 ची आल्टो 800. निवृत्तीच्या पैशातून घेतली. नवं अंग, तेच 796 सीसी, ताकद 48 अश्वशक्तीच्या आसपास. रस्त्यावर यायला साडेतीन लाख पडले. 12 वर्षांत 96,000 किलोमीटर झाले. आज दलाल 1,40,000 देतो म्हणतो. म्हणजे घसारा 2,10,000, किलोमीटरला सव्वादोन रुपयांपेक्षाही कमी. रिक्षावालासुद्धा या भावात बसवून घेणार नाही. हा हिशेब मी अभिमानाने किती जणांना ऐकवला असेल, मोजदाद नाही.

आता जे कोणाला सांगत नव्हतो ते सांगतो. ती गाडी घेताना ड्रायव्हरच्या एअरबॅगचं मॉडेलही उपलब्ध होतं, थोडे हजार जास्त देऊन. विक्रेत्याने विचारलं होतं. मी म्हटलं, "नको, आम्ही काय जोरात चालवतो होय?" आणि त्या वाचलेल्या पैशातून सीट कव्हरं आणि म्युझिक सिस्टिम बसवून घेतली.

2016 च्या जुलैत गोव्याहून परत येत होतो. धो धो पाऊस. कणकुंबीच्या अलीकडे वळणावर समोर म्हैस आली. मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. चाकं जाम झाली, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच घसरत गेली आणि बाजूच्या चरात उतरली. चूक गाडीची नव्हती. वेग माझा होता, अंदाज माझा चुकला. हिने आधारासाठी पुढे हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. एवढ्यावर निभावलं.

आयुष्यभर तारण घेतल्याशिवाय कोणाला पाच हजारांचं कर्ज दिलं नाही, आणि घरच्या माणसाला मात्र विनातारण घाटातून घेऊन फिरत होतो. नातीने विचारलेला रकाना कुठे गेला, त्याचं उत्तर हे असं आहे.

म्हणून आता माझं मत स्पष्ट सांगतो. छोटी गाडी जुनी घेताना आपण विचारतो किती साल, किती किलोमीटर, किती मालक. हे सगळं विचाराच. पण त्याआधी विचारा, ही गाडी कुठल्या नियमाखाली बनली? कारण एकाच नावाच्या, बाहेरून बहिणी-बहिणी वाटणाऱ्या गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लक्षात ठेवायच्या तारखा फक्त तीन.

पहिली, 2019. त्या वर्षीच्या एप्रिलपासून सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही आणि स्टिअरिंग हातात राहतं. जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीट बेल्टची सूचना आणि मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ऑक्टोबरपासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलनाही समोरच्या धडकेच्या चाचणीचा नियम लागू झाला.

दुसरी, 2022 ची सुरुवात. तेव्हापासून बनलेल्या गाडीत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग आहे. आधी नवऱ्याला होती, बायकोला नव्हती, असं म्हणा हवं तर.

तिसरी, 2025. आल्टो के10 ला त्या वर्षीच्या मार्चपासून सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅगा मिळतात, अगदी सर्वांत स्वस्त मॉडेललासुद्धा.

आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, ते बघा. नोंदणीच्या तारखेवर जाऊ नका. गाडी यार्डात पाच-सहा महिने उभी राहून मग नोंदलेली असू शकते.

कोणी म्हणेल, नवी छोटी गाडी म्हणजे किल्ला झाली का? नाही. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने विनाएअरबॅग आल्टो 800 आदळून बघितली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेला शून्य तारे मिळाले. 2023 मध्ये दोन एअरबॅगांच्या के10 ला दोन तारे मिळाले, आणि मुलांच्या सुरक्षेला शून्य. म्हणजे सुधारणा आहे, पण पाच ताऱ्यांची गाडी नव्हे. घरात लहान मुलं असतील आणि रोज हायवे असेल तर ताणून एक पायरी वरची गाडी बघा, असंच मी सांगेन.

आता नातीचा हिशेब. तिला संकेश्वरच्या एका कॉलेजात नोकरी लागली आहे. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, सगळा हायवे. सर्वांत स्वस्त वाहन कुठलं, तर आपली लाल बस. शक्ती योजनेत बायकांना तिकीटच नाही! म्हणून मी आधी तेच सुचवलं. ती म्हणाली, सकाळी बसनेच जाईन, पण तीन दिवस प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ होते, मग स्टँडवर तासभर उभं राहावं लागतं. पटलं. आठवड्यात तीन दिवस गाडी, दिवसाला पाच लिटर पेट्रोल, म्हणजे पाचशेच्या वर. तेवढं तिच्या पगारात बसतं.

बाजारात तीन पर्याय दिसले. 2014 ची आल्टो 800, मागणी 1,70,000. 2020 ची, ड्रायव्हर एअरबॅग आणि एबीएसवाली, 2,80,000. आणि 2022 च्या शेवटची के10, 998 सीसी, 66 च्या आसपास अश्वशक्ती, 3,75,000. मुलगा म्हणाला, पहिलीच घे, शिकेपर्यंत ठोकली तरी दुःख नाही. मला हेच वाक्य खटकलं. ठोकणार असेल तर जुनी घ्या, हे पत्र्याच्या दृष्टीने बरोबर, आत बसणाऱ्याच्या दृष्टीने अगदी उलटं. शिकाऊ माणसालाच जास्त सांभाळणारी गाडी हवी.

मग नव्या गाडीची चौकशी केली. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट 29 टक्के होता तो 18 टक्के झाला. आपल्याकडे कर्नाटकाचा आजीवन कर पाच लाखांच्या आतल्या गाडीला 13 टक्के, वर सेस. विमा धरून के10 चं एक मधलं मॉडेल 4,85,000 पर्यंत रस्त्यावर येत होतं. तीन वर्षांच्या वापरलेल्या के10 पेक्षा 1,10,000 जास्त. दहा वर्षं वापरली तर वर्षाला 11,000, दिवसाला तीस रुपये. कॅम्पात एक चहा आणि भज्यांची प्लेट. शिवाय जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त बसतं, म्हणजे फरक आणखी कमी. एवढ्यात चार एअरबॅगा जास्त आणि कंपनीची वॉरंटी.

इथे एक गोष्ट दलालांच्या लक्षात आणून द्यावी लागते. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरायला हवा, पण जुन्या गाडीचा मालक त्याने स्वतः भरलेली किंमत मनात धरून बसतो. मी विचारलं, "साहेब, विमा कंपनी तीन वर्षांच्या गाडीला 30 टक्के घसारा धरते, तुम्ही किती धरलात?" तो हसला आणि दहा हजार कमी केले. तेवढ्याने भागत नव्हतं.

याचा अर्थ सगळ्यांनी नवीच घ्यावी असा नाही. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला गणपत गल्लीतून भाजी आणायला आणि टिळकवाडीत नातेवाइकांकडे जायला 2019 नंतरची वापरलेली गाडी पुष्कळ. फक्त कागद नीट बघा. आरसीवर बँकेचा बोजा दिसतो का, आणि असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "कर्ज फिटलंय हो, कागद नंतर देतो" म्हणणारे किती लोक माझ्या टेबलासमोर येऊन बसले, आणि त्यांच्या मागे रडवेला खरेदीदार! विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. गोव्याची गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत आणि इथला कर पुन्हा भरावा लागणार, तो किमतीत धरा. पंधरा वर्षं भरत आलेली गाडी असेल तर पुनर्नोंदणीचा खर्चही धरा.

एवढं सगळं बघून 2014 च्या गाडीत पैसे वाचत असतील तर वाचतील. पण त्या गाडीने हायवेला जाऊ नका. आणि कोणाला सल्ला विचारलात तर तो मायलेज आणि रिसेलवर थांबतो की पुढे जातो, तेही बघा. मी तीस वर्षं थांबत होतो.

नातीने नवी घेतली, पांढरी. कर्ज तिच्या नावावर, हप्ता तिचा. पहिल्या रविवारी आम्हा दोघांना बसवून संकेश्वरपर्यंत नेऊन आणलं. ही पुढे बसली होती, मी मागे. निघताना नातीने पहिल्यांदा आजीचा बेल्ट लागला का बघितलं, मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मागच्या सीटचा बेल्ट आयुष्यात कधी लावला नव्हता. लावला गपचूप.

आमची 2013 ची अजून दारात आहे. विकायला मन होत नाही. पण आता ती शहराबाहेर जात नाही, असं घरात ठरलं आहे, आणि ठरवणारी मी नव्हे.

तुमच्या घरातली पहिली छोटी गाडी कुठली होती, आणि ती घेताना कुठला रकाना रिकामा राहिला होता? लिहा की, वाचायला आवडेल.