घर दाखविण्याची वेळ

उन्हाळ्यात खामगाव-मलकापुरात घर विकावयाचे झाले, की ऊन उतरल्यावरच ते दाखविण्याचा मोह होतो. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, दिवेलागण सांभाळून वेळ ठरविणे उचितच. घरातील माणसांची शांतता घेणाऱ्यानेही जपलीच पाहिजे. परंतु स्लॅबचा दाह भर दुपारी आणि नळाची धार पाण्याच्या दिवशीच कळते. सहज न दिसणारा, पण विक्रेत्यास ठाऊक असलेला गंभीर दोष सांगणे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वये त्याच्यावर बंधनकारक आहे. आयुष्याची पुंजी ओतणाऱ्यास एकदा तरी दुपारी बोलवावे. कायद्याच्याही आधी हा गृहस्थधर्म आहे. सोयीची वेळ ही सत्य झाकण्याची सबब ठरू नये.