पटले नाही, तरी तुटले नाही

दोन निराळ्या धर्मांची माणसे श्रद्धेविषयी बोलू लागली, की दोघेही जपून बोलतात. समोरच्याचे मन दुखवू नये, याचे भान दोघांनाही असते. परंतु एकाच प्रार्थनामंदिरात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांत मतभेद झाला, की हे जपणे कोठच्या कोठे जाते. ‘हा तर आपला, आणि याला एवढेही कळू नये?’ असा प्रश्न मनात उठतो आणि परक्यास जो शब्द आपण कधीही बोललो नसतो, तो आपल्या माणसास बोलून जातो.

आमच्या भोपाळातील मराठी ख्रिस्ती घरांस हा अनुभव अपरिचित नसावा. आजीच्या हाती ‘उपासना संगीत’ असते, मुलगा आणि सून हिंदी उपासनेस जातात, आणि जाणत्या वयाचा नातू एके दिवशी म्हणतो, की तान्हेपणी दिलेला बाप्तिस्मा मी मानीत नाही. मी तो समजून उमजून घेणार. घरात एकदम शांतता पसरते. ज्या मराठी घरांत देव्हारा आहे, तेथेही हाच प्रश्न निराळ्या नावाने येतो: कुळाचार किती पाळावा, गुरू कोणता करावा, श्राद्ध करावे की न करावे. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आम्हां लोकांची गोष्ट तर अधिकच नाजूक आहे. भांडून दुसऱ्या मंडळीत जाऊन बसावे, इतकी आपली माणसे येथे नसतात. एक घर दुरावले तर सणासुदीला मराठीत बोलणारे एक दार बंद होते.

म्हणून मतभेद टाळावा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तो कसा करावा, हेच पाहण्यासारखे आहे. आणि त्यासाठी मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातील एका पत्रव्यवहाराकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. त्याआधी पुण्यात असताना फादर नेहेम्या गोरे यांच्याशी त्यांचा परिचय झाला होता. हे गोरे आपल्याच प्रकारचे, म्हणजे महाराष्ट्राबाहेरचे मराठी. त्यांचा जन्म 1825 साली झाशीजवळच्या एका खेड्यात झाला आणि ते काशीस वाढले. मिशनऱ्यांचे खंडन करावे म्हणून त्यांनी वाद आरंभिला आणि त्या वादातूनच ते स्वतः ख्रिस्ती झाले. रमाबाईंच्या शंकांस त्यांनी लिहून सविस्तर उत्तर दिले, आणि त्या उत्तराचा आपल्यावर परिणाम झाला हे रमाबाईंनी पुढे मान्य केले. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी आपली लहानगी कन्या मनोरमा हिच्यासह वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत.

बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रश्न संपले, अशी भगिनींची समजूत असावी; रमाबाईंची नव्हती. त्रैक्याचा सिद्धान्त चर्चच्या मतांगीकारात ज्या शब्दांत मांडला आहे, तो त्यांच्या बुद्धीस पटेना. येशूच्या अलौकिक जन्माविषयीही त्यांनी प्रश्न विचारले. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमची संस्कृत भाषा लॅटिनपेक्षा कमी पवित्र आहे काय, अशी त्यांची पृच्छा होती. त्या शाकाहारी राहिल्या आणि अंडे घातलेला पदार्थ त्यांनी वर्ज्य मानला, तेव्हा त्यातही भगिनींस जुन्या जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी यावर जे उत्तर धाडले त्याचा आशय असा, की माझा गर्व तुम्हांस खाद्यपदार्थांत शोधावयाचा असेल तर खुशाल शोधा, मी माझी चाल सोडणार नाही.

चेल्टनहॅम येथे त्या शिकत आणि शिकवीत असता, त्यांनी तरुण पुरुषांस शिकवावे की नाही यावर वाद माजला. हिंदुस्थानातील बिशपांचे मत मागविण्यात आले आणि ते प्रतिकूल पडले. रमाबाईंना नवल वाटले. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले होते, त्या मातेने मुलीस शिकविले होते, आणि स्वतः रमाबाईंनी भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिली होती. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने बाहेर पडलेली मी, दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी स्पष्ट लिहून कळविले.

या पत्रांत शब्द सौम्य नाहीत. आदराने मतभेद करणे म्हणजे गुळगुळीत बोलणे, असा आपला एक समज असतो. तो या पत्रांवरून दूर व्हावा. मात्र दोन्ही बाजूंच्या पत्रांत एक भेद ध्यानात येतो. रमाबाईंचा रोख बहुधा मुद्द्यावर असतो. सिस्टर जेराल्डीन यांची लेखणी मात्र मुद्द्यावरून स्वभावावर घसरते: हा प्रश्न नव्हे, हा अहंकार आहे, ही शंका नव्हे, ही अवज्ञा आहे. त्यांची तळमळ खोटी नव्हती. धर्ममाता या नात्याने त्या आत्म्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असे त्या मनापासून मानीत. परंतु प्रश्नाचे उत्तर देता येते, तसे स्वभावावरील आरोपाचे देता येत नाही. तेथे समोरच्याने एक तर मान खाली घालावी किंवा उठून जावे, एवढेच उरते.

याउलट चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची रीत होती. त्याही श्रद्धावान ख्रिस्ती आणि आपल्या चर्चशी एकनिष्ठ. पण रमाबाईंची शंका ही शंकाच आहे, असे समजून त्यांनी तिला उत्तर दिले. आणि ही स्त्री विचार करूनच पुढे जाईल, तिला विचार करू द्यावा, अशी समजूत भगिनींस घालण्याचा यत्न केला.

शेवट काय झाला? 1886 च्या आरंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या. हे जाणे जेराल्डीनबाईंस रुचले नव्हते. तरीही पत्रे थांबली नाहीत. रमाबाईंनी आपली मनोरमा पुढे काही काळ त्याच भगिनींच्या हाती विश्वासाने सोपविली. धर्ममतांत ज्यांच्याशी इतका वाद, त्यांच्याच पदरात पोटचे मूल घालावयाचे, यापेक्षा आदराची मोठी खूण कोणती असणार? आणि जेराल्डीनबाईंनीही एक गोष्ट केली, तीबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. स्वतःवर टीका करणारी रमाबाईंची ती पत्रे त्यांनी फाडून टाकली नाहीत; जपून ठेविली, संगतवार लाविली. 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आज रमाबाईंचा तो बाणेदार आवाज आपल्या कानी पडतो, तो त्यांच्या प्रतिपक्षाच्या प्रामाणिकपणामुळे.

भगिनींना भीती होती ती अशी, की एवढ्या शंका घेणारी बाई श्रद्धेच्या बाहेर जाईल. तसे झाले नाही. रमाबाईंनी केडगावी मुक्तिसदन उभारले आणि 1896-97 च्या दुष्काळात आपल्याच मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना तेथे आसरा दिला. अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालविली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. ते भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले. त्यांची श्रद्धा कोणाच्या दटावणीने पक्की झाली नाही. ती त्यांच्या स्वतःच्या वाटेने पक्की झाली.

आता पुन्हा त्या नातवाच्या बाप्तिस्म्याकडे वळू. हा वाद घरातलाच नव्हे. ख्रिस्ती मंडळ्यांत तो शतकानुशतके चालत आला आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी, भोपाळहून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या नागपूर शहरी, सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत शिशूंस बाप्तिस्मा देणारे होते, तसेच जाणत्या वयातच तो द्यावा असे मानणारेही होते. एकाने दुसऱ्यास खोटे ठरवावे आणि मग एक व्हावे, असे ठरते तर ते कधीच एक झाले नसते. त्यांनी दोन्ही रीती ग्राह्य धरल्या. या बोलण्यांस चाळीस वर्षे लागली, आणि अगदी अखेरीस एक मोठी मेथडिस्ट मंडळी बाहेरच राहिली, हेही सांगितले पाहिजे. सर्वांचे सर्व पटेल असे कोठेच होत नाही. परंतु जे सहा मंडळ्यांस साधले, ते एका घरास अगदीच असाध्य नसावे.

वडीलधाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच, की मुलाने प्रश्न विचारला तर प्रश्नाचे उत्तर द्यावे, ‘हल्ली तुला शिंगे फुटली आहेत’ हे उत्तर नव्हे. उत्तर ठाऊक नसेल तर पाळकांस विचारू म्हणावे. त्यात कमीपणा नाही. आणि तरुणांस सांगणे असे, की ज्या आजीने तुमच्या तान्हेपणी तुम्हांला मांडीवर घेऊन प्रार्थना केली, तिला तुमचा निर्णय बाहेरच्यांकडून कळू देऊ नये. आधी तिच्याजवळ बसावे, तिचे म्हणणे संपेपर्यंत ऐकावे आणि मगच आपले सांगावे. रमाबाई मठातील शिस्तीशी भांडल्या, पण पत्राच्या आरंभी ‘आजीबाई’ लिहावयाचे त्यांनी सोडले नाही.

येत्या रविवारी उपासनेनंतर कोणी कोणत्या मंदिरातून परतले हे न विचारता सर्वांची पाने एकाच पंक्तीस मांडली जावीत. वाद जेवणानंतरही करता येतो.