प्रयोगशाळेबाहेर : दौड पुढे का ढकलली?



गेल्या अंकाच्या शेवटच्या पानावर चौकटीत एक सूचना होती : मंडळाची कौटुंबिक दौड सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी, मंगफच्या समुद्रकाठी, सायंकाळी सात वाजता. ती सूचना मीच लिहिली होती आणि कार्यकारिणीला सांगून रद्दही मीच करून घेतली. दौड आता नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी होईल. अंक वाटताना तीन-चार घरांतून एकच प्रश्न आला, "डॉक्टर, एवढं काय घाबरायचं? सप्टेंबरात ऊन उतरतं, त्यातून समुद्राकाठी, तेही संध्याकाळी!" मी औषध देणारा डॉक्टर नाही, रसायनशास्त्रातला आहे, तेव्हा उत्तरही त्याच शास्त्रातून देतो. पण आधी घडलेली गोष्ट सांगायला हवी.

आम्ही वफ्राला राहतो. सौदीच्या सीमेजवळचे हे गाव आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे ते काकडी, टोमॅटो आणि ताज्या भाजीसाठी. 'वफ्रा' म्हणजे विपुलता. समुद्र इथून ४०-४५ कि.मी. लांब. मी तीन वर्षे शेतांमधल्या रस्त्यांवर पहाटे पळतो. जून-जुलैत सूर्य पाचच्या आधीच वर येतो, म्हणून चारला निघायचे आणि उजाडता उजाडता घरी. त्या कोरड्या हवेत पूर्ण उन्हाळा निभावला. त्यामुळे मनात थोडी घमेंड होती, हे कबूल करतो.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी आमचे खजिनदार आणि मी दौडीचा मार्ग मोजायला फहाहीलहून निघालो. सूर्य मावळला होता. तापमान ३४ अंश. वफ्राच्या मानाने हे म्हणजे महाबळेश्वर! वारा समुद्रावरून, आग्नेयेकडून येत होता. पाचव्या किलोमीटरला माझा सदरा पिळून काढण्यासारखा झाला. सातव्याला मी वाकडातिकडा पळू लागलो. खजिनदारांनी थांबवून विचारले, "अहो डॉक्टर, आज वार कोणता?" मी म्हणे त्यांना प्रयोगशाळेतल्या एका नमुन्याचा क्रमांक सांगितला. मला त्यातले काही आठवत नाही. त्यांनी मला बाकावर आडवे केले. शेजारी गळ टाकून बसलेल्या एका इजिप्शियन गृहस्थांनी मासे ठेवायच्या पेटीतला सगळा बर्फ माझ्या मानेवर, काखेत आणि जांघेत ठेवला. अंगाला तीन दिवस मासळीचा वास होता, पण शुद्ध ठिकाणावर आली.

सौ. दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आमचा इथला व्हिसा तुमच्या नावावर आहे, एवढं लक्षात ठेवा." यावर कोणत्याही डॉक्टरेटजवळ उत्तर नाही. आपल्यापैकी बहुतेक घरांची हीच स्थिती आहे. एका माणसाच्या प्रकृतीवर मुलांची शाळा, घरभाडे आणि गावाकडचे हप्ते उभे असतात.

आता हिशेब. पळताना स्नायूंत जी ऊर्जा खर्च होते तिचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ६५ किलोचा माणूस १० कि.मी. पळला तर साधारण ५०० किलोकॅलरी उष्णता अंगाबाहेर टाकावी लागते. हवा आपल्या त्वचेइतकीच तापलेली असेल तर ती टाकण्याचा मार्ग एकच : घाम. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे लिटरभर घामात काम भागते. पण वाक्यात 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा आहे. जो घाम ठिबकून खाली पडला, तो फुकट गेला. शरीरातले पाणीही गेले आणि थंडावाही मिळाला नाही.

घाम वाळेल की ठिबकेल हे हवेतल्या बाष्पावर ठरते. घरी पाहायचे असेल तर तापमापकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. ४५ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असेल तर ओला तापमापक २१-२२ वर येऊन थांबतो. ३४ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तो ३१ च्या जवळ अडकतो. आपले अंग म्हणजे ओली चिंधीच. त्या संध्याकाळी मी 'गार' ३४ मध्ये नव्हतो. घाम वाळण्याच्या दृष्टीने मी वफ्राच्या दुपारपेक्षा वाईट हवेत होतो. (म्हणून ४५ मध्ये पळा असे मी म्हणत नाही! तिथे ऊन आणि तापलेली हवा उलट अंग तापवतात. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, त्यामुळे किती पाणी गेले तेही कळत नाही.)

आपली खरी चूक अशी की आपण समुद्राची कल्पना कोकणातून घेऊन येतो. दापोलीला किंवा मालवणला संध्याकाळी किनाऱ्यावर गेले की जिवाला बरे वाटते. पण अरबी समुद्र मोठा आणि खोल. हे आखात सरासरी ३५ मीटरच खोल आणि तीन बाजूंनी वाळवंटाने वेढलेले. ते परातीतल्या पाण्यासारखे तापते. ३० जुलै २०२० रोजी कुवेतच्या उपसागरात पाण्याचे तापमान ३७.६ अंश मोजले गेले. म्हणजे माणसाच्या अंगापेक्षा जास्त! तापलेले पाणी सावकाश निवते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात ऊन उतरले तरी बाष्प उतरत नाही. आग्नेयेचा दमट वारा सुटला की किनाऱ्यावर चष्म्याच्या काचा धुकटतात. ती काच हाच आपला तापमापक समजा. चष्मा धुकटला तर त्या दिवशी पळणे नाही. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तीसुद्धा जानेवारीत ठेवतात, ते उगाच नव्हे.

नोव्हेंबर ते मार्च हे आपले महिने. तेव्हा कुठे पळायचे, हे विचारणाऱ्यांसाठी चार वाटा देतो.

पहिली आमची, वफ्राची. शेतांमधले सरळ रस्ते, दोन्हीकडे खजूर, प्लॅस्टिकची हरितगृहे, मेंढ्यांचे गोठे. इथे जमिनीतले पाणी मचूळ आहे, तरी त्यावर हिरवाई उभी आहे, हे पाहूनच पायांत बळ येते. हिवाळ्यातल्या पावसानंतर माळावर अरफजची पिवळी फुले येतात. कुवेतचे ते राष्ट्रीय फूल. लांबवर तेलक्षेत्र दिसते. १९५३ साली इथे तेल सापडले. त्या बाजूला जाऊ नका आणि फोटोही काढू नका. इथल्या तेलात गंधक भरपूर. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर व्हा. तो वायू जास्त झाला की नाकच बधिर होते, म्हणून 'वास गेला' म्हणजे धोका गेला असे मुळीच नाही. डांबरी रस्ता सोडून माळात शिरू नका. १९९०-९१ च्या युद्धातला न फुटलेला दारूगोळा वाळूत अजूनही सापडतो. लोखंडी वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, हे मुलांना आधी सांगा. भटकी कुत्री आहेत, ट्रकही आहेत. एकट्याने जाऊ नका.

दुसरी खिरानची. अल-झूरची धुरांडी मागे पडली की किनारा मोकळा होतो. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, पळायला उत्तम, गुडघ्यांना मऊ. इथले खडक हातात घेऊन पाहा : खसखशीसारखे गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतील. उथळ, कोमट समुद्रात चुन्याचे थर कणांभोवती बसत बसत ते तयार झाले. मुलांना भिंगातून दाखवा, शाळेत सांगायला होईल. मात्र आत जमिनीकडे पांढरी खपली दिसली तर तिच्यावर पाय नको. ती 'सबखा'. खालचे खारे पाणी वर खेचले जाते आणि वाळते. आधी जिप्सम, मग मीठ. वरून पापडासारखी कडक, खाली चिखल. गाड्या रुततात, घोटे मुरगळतात.

तिसरी फहाहील ते फिंतास, मंगफ, अबू हलीफा आणि महबूला घेत. जाऊन १० कि.मी.च्या आसपास. आपली बहुतेक घरे याच पट्ट्यात, म्हणून दौड इथेच. हिवाळ्यात वारा बहुधा वायव्येचा. फहाहीलहून निघाले तर जाताना तो तोंडावर येतो आणि दमल्यावर परतताना पाठीशी असतो. बाबागाडीवाल्यांनाही हे सोयीचे.

चौथी सर्वांची आवडती, शहरातला गल्फ रोड. कुवेत टॉवर्सपासून सालमियाच्या सायंटिफिक सेंटरपर्यंत किनारा धरून दहा-अकरा कि.मी. शुक्रवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. १९७९ साली खुल्या झालेल्या त्या तीन मनोऱ्यांपैकी सर्वांत उंच १८७ मीटरचा. पाहुण्यांना वाटते ते शोभेचे आहेत. प्रत्यक्षात दोन मनोऱ्यांच्या गोलांत पाणी साठवलेले असते. समुद्राचे गोडे केलेले पाणी पिणाऱ्या देशाने आपल्या पाण्याच्या टाकीलाच देशाची ओळख करावी, हे मला फार आवडते.

शेवटी पाण्याविषयी. लिटरभर घामाबरोबर साधारण अर्धा चमचा मीठही जाते. तास-दीड तास पळून नुसते पाणीच पाणी प्यायले तर रक्तातले मीठ पातळ होते, आणि तेही घातक. घरचे ताक, मीठ-साखरेचे लिंबू सरबत किंवा कोकम सरबत पुरेसे आहे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना (खऱ्या!) विचारूनच पळावे आणि प्यावे.

सोबतचा माणूस बरळू लागला, अडखळू लागला, तर "थोडं बसू, बरं वाटेल" म्हणू नका. ११२ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत मिळेल त्या पाण्याने, बर्फाने अंग गार करत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि हे ओळखायला सोबत माणूस लागतो. मला स्वतःला काही झाले आहे हे शेवटपर्यंत कळले नव्हते. म्हणून दौडीचा नियम एकच ठेवला आहे : प्रत्येकाला जोडीदार. दर किलोमीटरला एकमेकांना वार विचारायचा. चुकीचे उत्तर आले की दोघेही थांबणार.

तर नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी साडेसहाला फहाहीलला भेटू. मोठ्यांना ५ कि.मी., मुलांना १ कि.मी., आजी-आजोबांना हवे तेवढे चालणे. सिव्हिल आयडी खिशात ठेवा. नंतर उपमा आणि चहा आहे. नावे अंक घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्याकडे जोडीनेच द्यावीत. एकट्याचे नाव घेतले जाणार नाही. ज्यांना जोडीदार नाही त्यांना आम्ही मिळवून देऊ. वफ्राच्या बाजूला एकेकटी राहणारी चार-पाच मुले आहेत. त्यांच्या जोडीला कोणी येईल का, एवढे पाहावे.

लोभ आहेच, तो वाढावा.