किंमत आणि कस

राजधानीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन अवघे अर्धा किलो, गोळ्या सहा, आणि किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये! स्त्रियांच्या संरक्षणार्थ पुढे केलेले हे शस्त्र घेण्याची जिची ऐपत आहे, तिला बहुधा रात्री एकटीने बसची वाट पाहत उभे राहावे लागत नाही. असो.

रीतसर परवाना मिळालेल्या मध्यमवर्गीयाची अडचण निराळीच आहे. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य नागरिकास १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरास सोन्याचा भाव येतो. परंतु तो भाव दुर्मिळतेचा असतो, कसाचा नव्हे, हे ग्राहकाने विसरू नये. नावावर भुलून कर्ज काढणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत.

कस पाहावा तो असा. प्रथम सर्व कोठे रिकामे असल्याची स्वतः खात्री करावी. घोडा पूर्ण चढवून गोळ्यांचे चक्र बोटांनी हलवून पाहावे. ते खिळखिळे लागल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. कारण कोठा नळीशी नेमका जुळला नाही, तर गोळीचे शिसे कडेला तासले जाते आणि त्याच्या कपच्या बाजूस उडतात. चक्र व नळी यांमधील फट सहाही कोठ्यांस सारखी व बारीक असावी. नळी उजेडासमोर धरून आतील आटे स्वच्छ आहेत की गंजाने खाल्ले आहेत, तेही पाहावे. चकाकीवर मात्र विश्वास ठेवू नये. पॉलिश स्वस्त असते.

खर्चाचा अंदाज बांधताना काडतुसे व सराव हेही त्यात धरले पाहिजेत. सारी पुंजी शस्त्रावर घालून ते कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्याच्या हाती आणीबाणीच्या वेळी केवळ लोखंड राहते. साधे पण घट्ट बांधणीचे रिव्हॉल्व्हर घ्यावे आणि उरलेला पैसा सरावावर खर्चावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी शिक्षण आवश्यक ठरविले, हे योग्यच झाले. पण खरेदीपूर्वी तेच शस्त्र तज्ज्ञाच्या देखरेखीखाली झाडून पाहण्याची सोय ग्राहकास सर्रास कोठे आहे? लाखभर रुपये मोजणाऱ्याने शस्त्र काउंटरवर नुसते न्याहाळून घरी न्यावे, ही रीत सरकारने आता मोडावी. प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांचे चांदमारीचे मैदान आठवड्यातून एक दिवस यासाठी खुले करणे मुळीच अशक्य नाही.